पोटातले नऊ महिने आणि कुशीतले पहिले दिवस



या पानांतून आपण नेहमी लागण, बेणेप्रक्रिया, खतांच्या मात्रा आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी वाचता. या खेपेला विषय थोडा निराळा आहे. पण वाचता वाचता ध्यानात येईल की तो आपल्याला तितकासा परका नाही.

टिपरीवरचा डोळा जमिनीत फुगू लागतो तेव्हा त्याला स्वतःचे मूळ नसते. सुरुवातीचे काही दिवस तो टिपरीतल्या साठ्यावर जगतो. म्हणून तर आपण बेणे नऊ-दहा महिन्यांचे, रसरशीत आणि बेणेमळ्यातलेच निवडतो. उगवण विरळ झाली तर नंतर कितीही खत घातले तरी एकरी उतारा भरून निघत नाही, हे तुम्हाला कोणी सांगायला नको. माणसाच्या बाळाचेही पुष्कळसे असेच आहे. फरक एवढाच की उसात नांग्या भरता येतात. बाळाच्या बाबतीत गेलेले दिवस तसेच्या तसे परत मिळत नाहीत.

तेव्हा गर्भ राहिल्यापासून बाळ कुशीत येईपर्यंत काय काय घडते आणि त्यात घरच्या माणसांच्या हाती काय असते, ते क्रमाने पाहू. यातल्या बहुतेक गोष्टी खर्चाच्या नाहीत, मनावर घेण्याच्या आहेत.

सुरुवात कशी होते

स्त्रीचे बीज म्हणजे मिलिमीटरचा सुमारे दहावा भाग. नजर तीक्ष्ण असेल तर बारीक ठिपक्यासारखे दिसेल, एवढेच. गर्भाशयाला दोन्ही अंगांनी जोडलेल्या नळ्या असतात. त्यांतल्या एका नळीत हे बीज आणि पुरुषाचे बीज यांचा मेळ होतो. तेथून तो गोळा विभागत विभागत, एकाचे दोन, दोनाचे चार असा वाढत, साधारण आठवड्याने गर्भाशयात येऊन रुजतो.

उसात को ८६०३२ चे बेणे लावले तर को ८६०३२ च उगवते, कारण ती त्याच झाडाची नक्कल असते. माणसात तसे नाही. आईकडून २३ आणि बापाकडून २३ अशी गुणसूत्रे एकत्र येतात आणि प्रत्येक खेपेला नवा मेळ बसतो. यातली एक गोष्ट प्रत्येक घराने ध्यानात ठेवावी. मुलगा की मुलगी, हे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते. आईकडून येते ते दर वेळी एकाच प्रकारचे असते. म्हणजे मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणारे घर बेण्याचा दोष जमिनीला देत असते. गर्भाचे लिंग पाहण्याला आळा घालणारा कायदा आपल्या महाराष्ट्राने १९८८ सालीच केला आणि देशाचा कायदा १९९४ साली झाला. पण कायद्याच्या आधी ही साधी गोष्ट घरात पटायला हवी.

घरात कळायच्या आधीच

पाळी चुकली, चार दिवस वाट पाहिली, मग सासूच्या कानावर घातले आणि त्यानंतर केव्हातरी दवाखाना, असा आपल्याकडचा क्रम. आता गर्भाचे वेळापत्रक बघा. गर्भ राहिल्यापासून २२-२३ व्या दिवसाच्या सुमारास इवलेसे हृदय हलू लागते. पुढे ज्याचा मेंदू आणि पाठीचा कणा होणार, ती मज्जेची नळी २८ व्या दिवसापर्यंत मिटलेली असते. आठ आठवडे होतात तोवर हात, पाय, डोळे, काळीज अशा बहुतेक सगळ्या अवयवांचा पाया पडलेला असतो. म्हणजे घरात बातमी पक्की होईपर्यंत पायाचे बरेचसे काम उरकलेले असते.

ती नळी नीट मिटली नाही तर बाळ मेंदूच्या किंवा मणक्याच्या मोठ्या व्यंगाने जन्मते. फॉलिक आम्ल हे एक जीवनसत्त्व आहे. ते पुरेसे मिळाले तर हा धोका पुष्कळ टळतो. ज्या स्त्रियांचे आधीचे मूल अशा व्यंगाचे होते, त्यांच्यावर सात देशांतल्या ३३ केंद्रांत एक मोठी चाचणी झाली. तिचा निकाल १९९१ साली आला. फॉलिक आम्ल घेणाऱ्यांमध्ये ते व्यंग पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. मात्र गोळीचा उपयोग नळी मिटण्याच्या आधी. बातमी कळल्यावर सुरू केली तर उशीर झालेला असू शकतो. म्हणून मूल हवे असे ठरले की आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून गोळी आधीच सुरू करावी. चौथ्या महिन्यापासून लोहाची लाल गोळी चालू होते. ‘गोळीने पोट काळं होतं, बाळ काळं होतं’ असे काही नाही. शौचाचा रंग तेवढा काळपट होतो, तो लोहाचा गुण आहे.

याच संदर्भात मिश्रीचाही विचार करावा. आपल्याकडच्या कित्येक बायका दात घासायच्या निमित्ताने दिवसातून दोन-चारदा मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती लावणाऱ्या आईच्या रक्तातून तंबाखूचे विष बाळापर्यंत जाते आणि बाळाचे वजन कमी भरते. पुरुषांनी ‘सोड ती मिश्री’ म्हणताना स्वतःची चंचीही खिशातून काढून ठेवावी, म्हणजे सांगण्याला वजन येईल.

डोक्यावरचे ओझे आणि बाळाचे वजन

जन्मतः बाळाचे वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल तर ते कमी वजनाचे मानतात. असे बाळ लवकर गार पडते, त्याला दूध ओढता येत नाही आणि जंतुदोष चटकन होतो.

हे वजन कशावर ठरते, याचा एक नामांकित अभ्यास आपल्याच भागात झाला आहे. १९९३ च्या सुमारास पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत तो सुरू केला. गर्भ राहण्याच्या आधीपासून स्त्रियांच्या नोंदी ठेवल्या. काय खातात, किती काम करतात, बाळ केवढे होते, हे सारे टिपले. तेथील बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास भरले. त्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. ज्या स्त्रियांच्या जेवणात पालेभाजी, फळे आणि दूध होते, त्यांची बाळे अंगाने चांगली होती. आणि ज्यांच्यावर शेतातल्या व घरातल्या कामाचा भार जास्त, त्यांची बाळे वजनाने कमी आणि डोक्याच्या घेराने लहान भरली.

‘आमच्या आईनं बांधावर बाळंत होऊन दुसऱ्या दिवशी खुरपं धरलं,’ असे आपण अभिमानाने सांगतो. त्या माऊलीच्या हिमतीला नमस्कारच. पण तिची किती मुले जगली आणि किती मातीआड गेली, हेही त्या गोष्टीत सांगायला हवे.

गरोदरपणी हालचाल बंद करावी असे नव्हे. घरातले हलके काम, चालणे हे चांगलेच. पण डोक्यावर ओझे, दिवसभर वाकून काम आणि उपाशीपोटी मजल, हे तीन प्रकार बाळाच्या ताटातले काढून घेतात.

पहिली जाण स्पर्शाची

पाचही जाणिवांमध्ये सर्वांत आधी जागी होते ती स्पर्शाची. आठव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाच्या ओठांभोवती काही लागले तर तो मान हलवतो. मग तळहात, तळपाय आणि हळूहळू सारे अंग जागे होते. ऐकणे पुष्कळ उशिरा येते, सहावा महिना सरता सरता. तेव्हापासून आईचा आवाज त्याच्या ओळखीचा होतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी १९८० साली दाखवले की जन्मून तीन दिवसही न झालेले मूल परक्या बाईच्या आवाजापेक्षा आपल्या आईच्या आवाजासाठी आपले चोखणे बदलते. आपण त्याला ‘मांसाचा गोळा’ म्हणतो, पण तो गोळा माणूस ओळखत जन्माला आलेला असतो.

नऊ महिने बाळ उबेत आणि चहूबाजूंनी धरलेल्या जागेत असते. जन्मल्याबरोबर ते एकदम उघड्यावर येते. म्हणून नाळ कापून, कोरडे पुसून, ते सरळ आईच्या उघड्या छातीवर ठेवायचे आणि वरून पांघरायचे. तिथे त्याला आईची ऊब मिळते, ओळखीचा आवाज आणि काळजाचे ठोके ऐकू येतात. पहिल्या तासाच्या आत ते स्तन शोधून तोंड लावू शकते.

वासराला चीक, मग बाळाला मध का?

गाय व्याली की आपण काय करतो? वासरू उभे राहायच्या आधी त्याच्या तोंडात चीक पाडतो. चीक मिळाला नाही तर वासरू टिकत नाही, हे गोठ्यातल्या पोरालाही ठाऊक असते. आणि त्याच घरात बाळ जन्मले की त्याला मध चाटवतात, गूळपाणी पाजतात, आणि आईचे पहिले पिवळसर दूध ‘जड आहे, खराब आहे’ म्हणून पिळून टाकतात. बाईचा चीक तोच आणि त्याचे काम तेच. त्यात रोगाशी झुंजणारी द्रव्ये असतात. तो चमचाभरच असतो, पण बाळाचे पोटही तेवढेच असते. पहिल्या सहा महिन्यांत अंगावरच्या दुधाशिवाय काहीही नको, पाणीसुद्धा नको. मध तर वर्षाच्या आत चाटवूच नये. त्यातून क्वचित फार घातक जंतू पोटात जातो.

कांगारूची गोष्ट

आता उबेची खरी ताकद दाखवणारी हकिगत सांगतो. ती दूरच्या देशातली आहे, पण आपल्या उपयोगाची.

दक्षिण अमेरिकेत कोलंबिया नावाचा देश आहे. त्याची राजधानी बोगोटा. १९७८-७९ साली तेथल्या प्रसूतिगृहात फार गर्दी झाली होती. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देण्याच्या काचपेट्या अपुऱ्या होत्या. एकेका पेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळे ठेवावी लागत. एकाचा जंतुदोष दुसऱ्याला होई. आई एकीकडे आणि मूल दुसरीकडे असल्याने काही आया तर मूल तिथेच सोडून जात. तेव्हा डॉ. एडगर रे यांनी, आणि पुढे त्यांच्यासोबत डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी, एक साधा मार्ग काढला. पिशवीत पिल्लू बाळगणाऱ्या कांगारूप्रमाणे त्यांनी बाळ आईच्याच छातीशी बांधून ठेवले. आईचे अंग हीच पेटी. त्यातून ‘कांगारू मातासेवा’ ही पद्धत जगभर गेली.

सुरुवातीला मोठ्या डॉक्टरांना वाटे, हा गरिबांचा तोडगा आहे, खरे औषध नव्हे. त्याचे उत्तर अलीकडे मिळाले. घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि आपला भारत अशा पाच देशांत, आपल्याकडे दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात, एक ते १.८ किलो वजनाच्या ३,२०० हून अधिक बाळांवर चाचणी झाली. निम्मी बाळे जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवली. उरलेल्यांना आधी पेटीत सावरून मग छातीशी दिले. २०२१ साली निकाल आला. पहिल्या २८ दिवसांत नेहमीच्या पद्धतीत १५.७ टक्के बाळे दगावली आणि लगेच छातीशी ठेवलेल्यांत १२ टक्के. म्हणजे मरणाऱ्या दर चार बाळांमागे एक वाचले. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधी थांबवली.

हरियाणातल्या फरिदाबाद आणि पलवल जिल्ह्यांत तर हेच घरच्या घरी करून पाहिले. सुमारे ८,४०० कमी वजनाची बाळे होती. ज्यांच्या घरी जाऊन ही पद्धत शिकवली, तिथे पहिल्या महिन्यातले मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. २०१९ साली हा निकाल प्रसिद्ध झाला.

पद्धत अशी. बाळाच्या अंगात फक्त लंगोट, टोपी आणि पायमोजे. आईच्या उघड्या छातीवर, दोन्ही स्तनांच्या मध्ये, ते उभे टेकवायचे. पाय बेडकासारखे दुमडलेले आणि तोंड एका बाजूला. मान फार वाकलेली नको आणि फार ताणलेलीही नको, म्हणजे श्वास मोकळा राहतो. वरून स्वच्छ मऊ लुगड्याची पट्टी बांधायची आणि चोळी-शाल पांघरायची. दिवसाचे आठ तास तरी, आणि जमेल तेवढे त्याहून जास्त. आई दमली की बापाने, आजीने धरावे. होय, बापाने! त्याच्या छातीलाही ऊब असते. मात्र बाळ दोन किलोच्या आत असेल किंवा दिवस पुरे भरलेले नसतील तर आधी दवाखाना. तिथे शिकून मग घरी.

पोट भरले म्हणजे सगळे झाले का?

‘दूध पाजलं, आता रडलं तर रडू दे, कडेची सवय नको’, असे जुनी माणसे म्हणतात. यावर १९५८ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी माकडांच्या पिल्लांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. पिल्लांना दोन खोट्या आया दिल्या. एक तारेची आणि दुसरी मऊ कापडाची. दुधाची बाटली तारेच्या आईला लावली तरी पिल्लू दुधापुरते तिच्याकडे जाई आणि बाकी सारा वेळ कापडाच्या आईला बिलगून बसे. भीती वाटली की पळत जाई तीही कापडाकडेच. दूध पोटाला पुरते, पण धीर बिलगण्याने येतो.

माणसांच्या बाबतीत हे दुर्दैवाने रुमानिया देशात दिसून आले. १९८९ साली तेथली राजवट कोसळली तेव्हा लाखाहून अधिक मुले सरकारी अनाथालयांत होती. खाणे मिळे, पण उचलून घेणारे, बोलणारे कोणी नसे. त्यांची वाढ आणि बुद्धी दोन्ही मागे राहिली. पुढे बुखारेस्ट शहरात अशा १३६ मुलांचा अभ्यास झाला. त्यांतली निम्मी मुले चांगल्या घरांत सांभाळायला दिली. ती पुष्कळ सावरली, आणि जी दोन वर्षांची होण्याआधी घरात गेली ती अधिक सावरली. तेव्हा उशीर झाला म्हणून हात टेकू नयेत. पण लवकर केलेले जास्त फळते.

मालीश ठेवा, धुरी सोडा

या बाबतीत आपली जुनी रीत पुष्कळ शहाणी आहे. अमेरिकेत १९८६ साली अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दिवसातून तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटे, दहा दिवस हलके चोळले. त्यांचे वजन न चोळलेल्यांपेक्षा दररोज ४७ टक्क्यांनी जास्त वाढले. आपल्या सुईणी आणि आज्या हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या. तेव्हा मालीश चालू ठेवा; फक्त हात हलका, सावकाश, खोली उबदार, आणि बाळ अगदी लहान असेल तर डॉक्टरांना विचारून.

मात्र नाकाकानांत तेल घालणे, बेंबीला राख-हळद लावणे, कोंडलेल्या खोलीत शेगडी आणि धुरी, हे सोडावे. बाळाचे फुफ्फुस कोवळे असते, धूर त्याला सोसत नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत गावच्याच बायकांना नवजात बाळाची सेवा शिकवली. त्यात ऊब देणे, अंगावर पाजणे आणि जंतुदोष ओळखून त्यावर उपचार करणे हे सारे होते. तीन वर्षांत तेथील नवजात मृत्यूचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी सहा-सात वेळा येतात त्यामागे हा अनुभव आहे. त्यांना दारातून परत पाठवू नका. बाळ दूध ओढेनासे झाले, अंग गार किंवा फार गरम लागले, धाप लागली, छाती आत ओढू लागली, मलूल पडले किंवा झटका आला, तर देवऋषी-अंगारा न करता त्याच घटकेला दवाखाना गाठावा.

आणि फडातली झोळी

शेवटची गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

तोडणीच्या फडात आपण सारेच एक दृश्य पाहतो. बांधावरच्या बाभळीला झोळी, झोळीत चार-सहा महिन्यांचे मूल, आणि त्याची आई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते आहे. कधी ती पुन्हा पोटुशी असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यामुळे ती थांबली की कोयता अर्धा होतो आणि उचल फिटत नाही. आपण म्हणतो, ‘टोळी मुकादमाची, आपण काय करणार?’

टोळी मुकादमाची खरी. पण फड आपला आहे, ऊस आपला आहे आणि त्या दिवसापुरती ती बाई आपल्या बांधावर आहे. तेव्हा आपल्या हातातले एवढे करावे. गरोदर बाईला मोळी वाहू देऊ नये; मोळ्या बांधणे, वाढे वेचणे असे खालचे काम द्यायला मुकादमाला सांगावे. तान्ह्या बाळाच्या आईला दोन-तीन तासांनी पाजायला पंधरा-वीस मिनिटे बसू द्यावे. तेवढ्याने ट्रक चुकत नाही. झोळी सावलीत, पाचट जाळण्याच्या धुरापासून लांब असावी. वस्तीवरून हंडाभर चांगले पाणी आणि जमेल तेव्हा तांब्याभर ताक, मूठभर शेंगदाणे द्यावेत. टोळीत गरोदर बाई किंवा तान्हे बाळ आहे, हे आपल्या गावच्या आशाताईंच्या आणि अंगणवाडीच्या कानावर घालावे. त्या बाईजवळचे माता-बाल कार्ड परगावीही चालते, हे तिला सांगावे. पुष्कळ जणींना ते माहीतच नसते.

आपल्या घरची सून आणि आपल्या फडातली तोडकरीण, दोघींच्या पोटातले वेळापत्रक एकच आहे. बावीसाव्या दिवशी दोन्हीकडे काळीज हलते, आठव्या आठवड्यात दोन्हीकडे ओठ जागे होतात. डोळ्यावर पाय पडू नये म्हणून सरीत जपून चालणारे आपण शेतकरी आहोत. एवढी जपणूक या दोन्ही आयांच्या वाट्याला यावी, इतकेच सांगणे.